शेतमालाचे बारदान : माल टिकावा, कचरा उरू नये

शेतात पिकलेला माल बाजारास जातो तेव्हा तो उघडा जात नाही. धान्य पोत्यातून जाते, कांदा जाळीच्या गोणीतून, टोमॅटो क्रेटमधून, आंबा व द्राक्षे पेटीतून. मालाच्या या वेष्टनास बाजारात बारदान म्हणतात. पेरणीपासून काढणीपर्यंतच्या प्रत्येक कामाचा शेतकरी बारकाईने विचार करतो. परंतु बारदानाचा विचार मात्र बहुधा माल गाडीत भरण्याच्या आदल्या दिवशी होतो. बाजारात जे स्वस्त मिळेल ते आणावे, माल भरावा आणि पाठवून द्यावा, अशी रीत पडून गेली आहे. त्यामुळे एकीकडे माल वाटेत खराब होतो आणि दुसरीकडे गावाच्या कडेला, ओढ्यात व बांधावर न कुजणारा कचरा साठत जातो. या दोन्ही गोष्टी एकाच चुकीतून निर्माण होतात. म्हणून त्यांचा विचारही एकत्रच केला पाहिजे.

पूर्वीची रीत व आजची अडचण

पूर्वी कोकणातील हापूस आंबा लाकडी पेटीत भाताच्या पेंढ्यावर बसून मुंबईस जात असे. भाजीपाला बांबूच्या करंड्यांतून व पाट्यांतून आणि धान्य तागाच्या पोत्यांतून जाई. पेटी मोडली तर तिच्या फळ्या चुलीस लागत, पेंढा उकिरड्यावर जाई आणि पोते फाटले तर त्याचेच ठिगळ दुसऱ्या पोत्यास बसे. वापरून झालेली वस्तू मातीत मिळून जात असल्याने कचऱ्याचा प्रश्न फारसा उभा राहत नसे.

तथापि त्या रीतीत दोषही होते. लाकडी पेट्यांसाठी झाडे तोडावी लागत. खिळ्यांनी व खडबडीत फळ्यांनी फळांस जखमा होत. करंडीवर करंडी ठेवली म्हणजे खालच्या करंडीतील माल दबे. लाकडातून किडीही दूरवर जात. यासाठीच परदेशी जाणाऱ्या लाकडी वेष्टनास उष्णतेची प्रक्रिया करावी, लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान ३० मिनिटे राखावे, असा आंतरराष्ट्रीय नियम २००२ साली झाला. म्हणून जुने ते सर्व चांगले व नवे ते सर्व वाईट असे म्हणून भागणार नाही. प्रत्येक वेष्टन त्याच्या कामावरून पारखले पाहिजे.

तीन शब्दांतील फरक

या विषयात तीन शब्द नेहमी वापरले जातात आणि त्यांची गल्लत होते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना त्यांतील फरक प्रथम समजावून द्यावा.

पुनर्वापर म्हणजे तीच वस्तू, तिचे रूप न बदलता, पुन्हा वापरणे. उदाहरणार्थ, टोमॅटोचा क्रेट बाजारातून परत आणून पुन्हा भरणे.

पुनर्चक्रण म्हणजे वस्तू मोडून तिच्यातील पदार्थापासून नवी वस्तू तयार करणे. पुठ्ठ्याच्या जुन्या खोक्यांचा लगदा करून नवा कागद तयार करतात, ते पुनर्चक्रण होय.

विघटन म्हणजे वस्तू कुजून मातीत मिसळणे. पेंढा, केळीचे पान, पळसाची पत्रावळ, तागाचे पोते यांचे असे विघटन होते.

साधारणपणे पुनर्वापर सर्वांत काटकसरीचा असतो, कारण त्यात वस्तू नव्याने घडवावी लागत नाही. त्यानंतर पुनर्चक्रण येते. परंतु हा क्रम डोळे मिटून लावण्याचा नाही. बाजारपेठ किती दूर आहे, माल कोणता आहे आणि रिकामे बारदान परत येते की नाही, यावर निवड अवलंबून असते.

प्रथम माल राखावा

वेष्टनाचा कचरा कमी करावयाचा म्हणून ते इतके हलके केले की माल फुटला, तर त्यात काटकसर नाही. एक टोमॅटो सडला म्हणजे त्यासाठी दिलेले पाणी, खत, औषध, मजुरी आणि वाहतूक हे सर्व सडले. लुधियाना येथील काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञानाच्या केंद्रीय संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत टोमॅटोची काढणीपासून ग्राहकापर्यंतची नासाडी सुमारे १२.४४ टक्के व पेरूची १५.८८ टक्के आढळली. म्हणजे आठ क्रेट पिकविले तर त्यांतील एक क्रेट कोणाच्याच मुखी लागत नाही. सर्वच नासाडी वेष्टनामुळे होत नाही हे खरे. तरी दाबणे, घासणे, कोंदट हवा व उष्णता ही तिची मोठी कारणे आहेत आणि ती योग्य बारदानाने कमी करता येतात.

चांगल्या बारदानाने चार कामे केली पाहिजेत. वरचा भार स्वतः पेलून तो मालावर येऊ देऊ नये. मालाला श्वासासाठी हवा मिळू द्यावी. हमालास ते न आपटता उचलता यावे. आणि आतील मालाचे वजन व प्रत बाहेरून कळावी. ही चार कामे साधून ज्याचा कचरा सर्वांत कमी उरेल, ते बारदान उत्तम समजावे.

टोमॅटोचा क्रेट : परत आला तरच स्वस्त

पुणे जिल्ह्यातील नारायणगाव व नाशिक जिल्ह्यातील पिंपळगाव बसवंत येथील बाजारांत टोमॅटोचा भाव २० किलोच्या क्रेटवर बोलला जातो. प्लास्टिकचा हा क्रेट म्हणजे पुनर्वापराचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण आहे. त्याच्या भिंती भार पेलतात, छिद्रांतून हवा खेळते, तो धुता येतो आणि पुष्कळ खेपा टिकतो. मोडल्यावर वितळवून त्यापासून पुन्हा प्लास्टिकच्या वस्तू करता येतात.

परंतु क्रेटचा सर्व फायदा तो परत येण्यात आहे. हे हिशेबानेच पाहणे बरे. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. प्रत्येक गटाने त्या जागी आपल्या गावचे दर घालावेत.

समजा, क्रेटची किंमत ३०० रुपये आहे. रिकामा क्रेट परत आणण्याचे भाडे दर खेपेस ४ रुपये व धुण्याचा खर्च १ रुपया येतो. तेवढ्याच मालासाठी एकदाच वापरावयाची पुठ्ठ्याची पेटी ३५ रुपयांस मिळते.

दर खेपेस १०० क्रेटपैकी २ हरवत किंवा मोडत असतील, तर एक क्रेट सरासरीने ५० खेपा करील. किमतीचा वाटा ६ रुपये व इतर खर्च ५ रुपये मिळून एका खेपेस ११ रुपये पडतील.

१०० पैकी ५ हरवत असतील, तर क्रेट २० खेपा करील. खर्च १५ अधिक ५, म्हणजे २० रुपये.

१०० पैकी १० हरवत असतील, तर क्रेट १० खेपा करील. खर्च ३० अधिक ५, म्हणजे ३५ रुपये. येथे क्रेट व पेटी यांची बरोबरी झाली.

१०० पैकी २० हरवत असतील, तर क्रेट अवघ्या ५ खेपा करील आणि खर्च ६५ रुपयांवर जाईल. असा क्रेट पेटीहून महाग तर पडतोच, शिवाय प्लास्टिकचा अधिक कचराही निर्माण करतो.

आता बाजार दूरच्या राज्यात आहे व रिकामा क्रेट आणण्यास ४ ऐवजी ३० रुपये लागतात असे समजा. मग १०० पैकी दोनच क्रेट हरवले तरी खर्च ६ अधिक ३१, म्हणजे ३७ रुपये होतो. अशा वेळी पुठ्ठ्याची पेटीच बरी. यावरून सरळ नियम निघतो तो असा : जवळच्या व ओळखीच्या बाजारास क्रेट, दूरच्या व एकवार व्यवहाराच्या बाजारास पेटी.

क्रेट गहाळ होण्याचे मुख्य कारण चोरी नसून नोंद नसणे हे असते. कोणाचे किती क्रेट अडत्याकडे गेले व किती परत आले हे वहीत नसते. हंगामाच्या शेवटी केवळ आठवणीवर भांडण होते. यास्तव गटाने पुढील व्यवस्था ठेवावी.

१. क्रेटवर गटाची खूण व क्रमांक घालावा. शक्य असल्यास गटाचे सर्व क्रेट एकाच रंगाचे घ्यावेत.

२. माल पाठविताना क्रेटची संख्या पावतीवर लिहावी आणि त्यावर अडत्याची सही घ्यावी.

३. परत न येणाऱ्या क्रेटसाठी अनामत रक्कम आधीच ठरवावी. अनामत क्रेटच्या किमतीहून फार कमी ठेवल्यास क्रेट परत करण्याची निकड कोणास वाटत नाही.

४. दर आठवड्यास जमा व नावे यांचा मेळ घालावा. हंगाम संपेपर्यंत थांबू नये.

क्रेट भरताना माल काठाच्या वर येऊ देऊ नये. काठाच्या वर शीग लावली की वरच्या क्रेटचा भार भिंतींवर न पडता थेट फळांवर पडतो आणि मग क्रेट असून नसल्यासारखा होतो. शीग लावून माल मागण्याची प्रथा जेथे असेल तेथे एकटा शेतकरी काही करू शकत नाही. गटाने मिळून वजनावर विक्री करण्याचा आग्रह धरावा.

क्रेटची स्वच्छता

गावोगाव फिरणारा क्रेट रोग व किडीही फिरवितो. टोमॅटोवरील टुटा ही नागअळी आपल्या देशात २०१४ साली महाराष्ट्रात प्रथम आढळली. तिचा प्रसार फळे, रोपे व वापरलेले क्रेट यांबरोबर होऊ शकतो. म्हणून परत आलेला क्रेट तसाच शेतात नेऊ नये. प्रथम माती, पाने व सडलेला माल पाण्याने व ब्रशने काढून टाकावा. नंतर १०० लिटर पाण्यात ३० टक्के क्लोरीन असलेली ब्लीचिंग पावडर ५० ग्रॅम विरघळवून तयार केलेल्या द्रावणात क्रेट काही मिनिटे बुडवावा व निथळू द्यावा. मातीने भरलेल्या क्रेटवर क्लोरीनचा उपयोग होत नाही, कारण ते मातीतच खर्ची पडते; यासाठी आधी धुणे आवश्यक आहे. द्रावण गढूळ झाले की बदलावे, हातांत रबरी मोजे घालावेत आणि काम उघड्या हवेत करावे. क्रेट सावलीत रचून ठेवावेत. सतत उन्हात राहिलेले प्लास्टिक ठिसूळ होऊन लवकर फुटते.

पुठ्ठ्याची पेटी : बळ कोपऱ्यांत, शत्रू ओलावा

आंबा, द्राक्ष व डाळिंब यांसाठी आता नालीदार पुठ्ठ्याच्या पेट्या सर्वत्र वापरल्या जातात. दोन सपाट कागदांमध्ये एक नागमोडी कागद चिकटविला म्हणजे तीन थरांचा पुठ्ठा होतो. तीन सपाट व दोन नागमोडी कागदांचा पाच थरांचा होतो. नागमोडी कागदाच्या नाल्या पेटीच्या भिंतीत उभ्या असाव्या लागतात. त्या लहान लहान खांबांप्रमाणे भार पेलतात.

पेटीचे सर्वांत अधिक बळ तिच्या चार कोपऱ्यांत असते. म्हणून थप्पी रचताना कोपऱ्यावर कोपरा बसेल अशी पेटीवर पेटी ठेवावी. विटांच्या बांधकामाप्रमाणे सांधे मोडून पेट्या रचल्या तर थप्पी दिसावयास पक्की दिसते. परंतु वरच्या पेटीचे कोपरे खालच्या पेटीच्या भिंतीच्या मध्यावर येतात व पेटीची भार सहन करण्याची शक्ती निम्म्याच्या जवळपास उतरू शकते. हवेची छिद्रेही कोपऱ्यांपासून दूर, भिंतीच्या मध्यभागी असावीत. छिद्रांचे एकूण क्षेत्र भिंतीच्या सुमारे ५ टक्के असावे. ते फार वाढविल्यास पेटी दुबळी होते व फार घटविल्यास माल गुदमरतो.

कागदाचा मोठा शत्रू ओलावा होय. दमट हवेत पुठ्ठ्याचे बळ झपाट्याने कमी होते. पेट्या कधीही ओल्या जमिनीवर ठेवू नयेत, फळ्यांवर ठेवाव्यात. शीतगृहातून काढलेल्या मालावर बाहेरच्या उष्ण हवेने पाणी जमते, याचेही भान ठेवावे.

वापरलेली पेटी पुनर्चक्रणास उत्तम असते. मात्र ती तशी राहावी यासाठी खरेदी करतानाच काळजी घेतली पाहिजे. मेणाचा थर दिलेला किंवा प्लास्टिकचा पापुद्रा चिकटविलेला पुठ्ठा लगद्यात नीट विरघळत नाही. पेटीवरील चकचकीतपणा मालाचे रक्षण करीत नाही. तो केवळ नजरेसाठी असतो. म्हणून साध्या पुठ्ठ्यावर एक वा दोन रंगांची छपाई पुरेशी मानावी. चिकटपट्टी कमीत कमी वापरावी. शक्य तेथे एकमेकांत अडकणाऱ्या झडपांची पेटी घ्यावी. आत थर्मोकोल वा प्लास्टिकच्या जाळ्यांऐवजी कागदाचे तुकडे किंवा पुठ्ठ्याचे कप्पे वापरल्यास सर्व वेष्टन एकाच जातीचे राहते व निवडण्याचे श्रम वाचतात. पेंढा वापरावयाचा असल्यास तो कोरडा, स्वच्छ व बुरशीरहित असला पाहिजे. ओलसर पेंढ्याने फळांस डाग पडतात.

द्राक्षांच्या पेटीत बुरशी रोखण्यासाठी गंधकाचा वायू सोडणारा कागद घालतात. त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट असते. वापरलेला किंवा फाटलेला असा कागद गोठ्याजवळ किंवा उकिरड्यावर टाकू नये व रद्दीतही मिसळू नये.

कागदाचे पुनर्चक्रणही अमर्याद चालत नाही. प्रत्येक वेळी त्याचे तंतू आखूड होतात व पाच ते सात फेऱ्यांनंतर ते कामाचे राहत नाहीत. म्हणून पुनर्चक्रण होते म्हणून हवे तेवढे वापरावे, हा विचार बरोबर नाही.

तागाचे पोते व कांद्याची गोणी

धान्यासाठी ताग हे जुने व गुणी वेष्टन आहे. ते हवा खेळू देते, थप्पीत घसरत नाही, पुष्कळदा वापरता येते व शेवटी कुजून मातीस मिळते. १९८७ च्या ताग वेष्टन कायद्यान्वये ठराविक माल तागाच्या पोत्यांतूनच भरण्याचे बंधन घालण्यात आले. पूर्वी १०० किलोचे पोते रूढ होते. हमालाच्या पाठीचा विचार करून पुढे ५० किलोचे पोते आले. प्रमाणित ५० किलोच्या नव्या पोत्याचे वजन ५८० ग्रॅम असते. खरेदी करताना दहा पोती एकत्र तोलून ही खात्री करून घेता येते.

पोत्याचे आयुष्य मुख्यतः तीन गोष्टींनी घटते : हमालाचा आकडा, ओल आणि उंदीर. आकड्याने पडलेले एक भोक पोतेही नासते व धान्यही सांडते. पोती रिकामी झाली की उलटी करून झटकावीत, कडक उन्हात वाळवावीत, दाभण व सुतळीने दुरुस्त करावीत आणि कोरड्या जागी बांधून ठेवावीत. शिवणीत राहिलेले सोंडकिडे पुढच्या हंगामाच्या धान्यास लागतात. म्हणून शिवणी अवश्य तपासाव्यात. पोते कितीही चांगले असले तरी ओलसर धान्य त्यात टिकत नाही. साठवणीपूर्वी धान्यातील ओलावा १२ टक्क्यांच्या खाली आणावा.

कांदा भरताना तागाचे विरळ विणीचे कापड किंवा जाळीची गोणी घ्यावी. कांद्यास हवा हवी असते. दाट विणीच्या प्लास्टिकच्या पोत्यात तो घामेजतो व सडतो. जाळीची लाल गोणी पॉलिप्रोपिलीनची असते. ती कुजत नाही. परंतु न फाडता तोंड सोडल्यास पुन्हा वापरता येते आणि शेवटी भंगारात जाऊ शकते. विळ्याने पोट फाडून फेकलेली गोणी मात्र बांधावर वर्षानुवर्षे राहते, औताच्या फाळात गुंतते व गुरांच्या पोटात जाते.

प्लास्टिकची ओळख व गटांची छोटी पाकिटे

प्लास्टिक ही एकच वस्तू नाही. वस्तूच्या तळाशी त्रिकोणात जो अंक असतो तो तिची जात सांगतो. १ हा पाण्याच्या बाटलीचा, २ हा जाड डबे व क्रेट यांचा, ४ पातळ मऊ पिशव्यांचा, ५ विणलेली पोती व जाळ्या यांचा, ६ थर्मोकोलच्या जातीचा, तर ७ इतर व मिश्र प्रकारांचा. एकाच जातीचे, स्वच्छ व कोरडे प्लास्टिक भंगारात विकले जाते. मिसळलेल्या व मातीने माखलेल्या प्लास्टिकास कोणी विचारीत नाही.

हळद, मिरची, पापड, डाळी विकणाऱ्या गटांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. चांदीसारखी चकाकणारी पाकिटे प्लास्टिक व धातू यांचे अनेक थर चिकटवून केलेली असतात. ती वास व ओल उत्तम रोखतात. परंतु त्यांचे थर वेगळे करणे अवघड असल्याने पुनर्चक्रण जवळजवळ होत नाही. जो माल सहा महिने दुकानात राहावयाचा आहे त्यास असे पाकीट कदाचित लागेल. परंतु जी मिरची तालुक्याच्याच बाजारात एका महिन्यात खपते तिला सहा महिन्यांचे पाकीट कशासाठी? तेथे एकाच जातीच्या प्लास्टिकचे जाड पाकीट किंवा परत घेण्याची काचेची बरणी पुरते. जितके दिवस माल टिकवावयाचा तितकेच वेष्टन, हे सूत्र ठेवावे. काटकसरीच्या नावाखाली खाण्याचे पदार्थ वर्तमानपत्राच्या कागदात मात्र बांधू नयेत. त्याच्या शाईतील द्रव्ये पदार्थात उतरतात व खाद्य सुरक्षेच्या २०१८ च्या नियमांनी त्यास मनाई केली आहे.

‘आपोआप विरघळणारे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्लास्टिकविषयी सावध राहावे. खऱ्या कंपोस्टयोग्य प्लास्टिकासही बहुधा कारखान्याच्या धर्तीवरील खतप्रकल्पातील ६० अंशांच्या जवळपासची उष्णता लागते. घरच्या उकिरड्यात किंवा ओढ्यात ते लवकर विरेल असे समजू नये.

कायद्याची बाजूही माहीत असावी. प्लास्टिक कचरा व्यवस्थापनाचे नियम २०१६ साली झाले. थर्मोकोलची सजावट, प्लास्टिकचे चमचे, ताटल्या अशा एकवार वापराच्या ठराविक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली, आणि हातपिशवीची किमान जाडी ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन करण्यात आली. आपल्या छापाच्या वेष्टनाचा कचरा गोळा करण्याची जबाबदारी उत्पादक व छापधारक यांच्यावर टाकणारे मार्गदर्शन फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वतःचा छाप काढू पाहणाऱ्या गटाने पाकिटे छापण्यापूर्वी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे चौकशी करावी.

जे कधीही पुन्हा वापरू नये

पुनर्वापराचा उपदेश करताना एक अपवाद ठासून सांगितला पाहिजे. कीटकनाशक, बुरशीनाशक व तणनाशक यांचे डबे, बाटल्या व पिशव्या कितीही धुतल्या तरी घरात वापरू नयेत. त्यांत पाणी, तेल, बियाणे वा गुरांचा चारा ठेवणे हे जिवावर बेतणारे आहे. कीटकनाशक नियम, १९७१ मध्येही रिकामी वेष्टने कोणाच्या पुन्हा वापरात येऊ नयेत, अशी तरतूद आहे.

औषध संपताच डब्यात चतुर्थांश पाणी घालावे, झाकण लावून चांगले हलवावे व ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे. असे तीन वेळा करावे. त्यामुळे डब्यातील औषध वायाही जात नाही. नंतर डब्यास भोके पाडून तो निकामी करावा आणि कुलूपबंद जागी वेगळा ठेवावा. विक्रेत्याकडे किंवा संकलनाच्या योजनेत ते परत घेण्याची सोय असेल तेथे द्यावेत. ते विहिरीजवळ टाकू नयेत, जाळू नयेत व इतर भंगारात मिसळू नयेत.

खतांच्या रिकाम्या गोण्यांचा उपयोग माती, वाळू, शेणखत वाहण्यासाठी करावा. खाण्याचे धान्य त्यांत भरू नये.

गावपातळीवरील कामाचा क्रम

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय केवळ व्याख्यानाने न सांगता एका हंगामात प्रत्यक्ष दाखवावा. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही.

१. एकाच शेतातील, एकाच दिवशी काढलेल्या व एकाच प्रतीच्या मालाचे दोन समान भाग करावेत. एक भाग चालू बारदानात व दुसरा नव्या बारदानात भरावा. प्रत्येकी दहा नग पुरेत.

२. दोन्ही एकाच गाडीतून, सारख्याच जागी ठेवून पाठवावेत.

३. बाजारात गटाच्या एका माणसाने दोन्हींतील फुटलेला व दबलेला माल वेगळा करून तोलावा व मिळालेला भाव लिहावा.

४. बारदानाचा दर खेपेचा खर्च आणि खराब मालाची किंमत यांची बेरीज करून तुलना करावी. उदाहरणार्थ, एका प्रकारच्या दहा नगांत ८ किलो व दुसऱ्यात १४ किलो माल खराब निघाला आणि भाव किलोस २० रुपये असला, तर ६ किलोंचा फरक १२० रुपयांचा, म्हणजे दर नगास १२ रुपयांचा झाला. बारदान दहा रुपयांनी स्वस्त म्हणून घेतले असेल, तर ते वास्तविक दोन रुपयांनी महागच पडले.

५. एकाच खेपेवरून निर्णय न घेता निदान तीन खेपांचे आकडे गटापुढे मांडावेत.

याबरोबरच गावात किंवा संकलन केंद्रात छप्पर असलेली एक जागा नेमून तेथे तीन ढीग ठेवावेत : कोरडा पुठ्ठा, जातवार प्लास्टिक आणि दुरुस्तीची पोती व क्रेट. पुठ्ठा सपाट करून बांधावा. भंगारवाल्यास एकेकट्याने थोडा माल देण्यापेक्षा गटाने महिन्याचा साठा तोलून द्यावा, म्हणजे दरही ठरविता येतो व बांधावरचा कचराही कमी होतो.

बारदान हे मालाचे वस्त्र आहे. ते अंगास बसणारे असावे, वारंवार वापरता यावे, आणि जीर्ण झाल्यावर त्याचे दुसरे काही करता यावे किंवा ते मातीस मिळावे. येत्या हंगामात प्रत्येक गटाने बारदान विकत घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : यात माल सुरक्षित पोहोचेल काय? हे परत येईल काय? आणि परत आले नाही, तर त्याचे शेवटी काय होईल? या तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून मगच खरेदी केली, तर शेतकऱ्याच्या पदरात चार पैसे अधिक पडतील आणि त्याचे रान स्वच्छ राहील.